दयाळापायी

यमुनाबाईंची मांजर हरवली, असं आमच्या गल्लीत महिनाभर सगळे म्हणत होते. ती हरवली नव्हती. मी तिला मिक्सरच्या खोक्यात घालून लांब नेऊन सोडलं होतं. गाडी माझे यजमान श्यामराव चालवत होते, पण त्यांना यात ओढणं बरोबर नाही. कल्पना माझी, खोकं माझं, खोक्याला हवेसाठी भोकंही मीच पाडली.

आणि हे कशासाठी, तर परसात उतरलेल्या दयाळ पक्ष्याच्या एका जोडीसाठी.

आमचं रो-हाऊस धायरीत आहे. मागे अकरा पावलं लांब आणि पाच पावलं रुंद एवढी माती. धायरीत आता एवढी माती असणं म्हणजे जवळजवळ जमीनदारीच. त्यात एक रामफळ, एक कढीपत्ता, कपडे वाळत घालायची तार आणि ज्यांत काय लावलं होतं ते मलाही आठवत नाही अशा सात-आठ कुंड्या. डाव्या हाताला छातीइतकी भिंत. भिंतीपलीकडे यमुनाबाई.

यमुनाबाई परभणीकडच्या. त्यांचे मालक गेल्यावर मुलगा वैजनाथ त्यांना इकडे घेऊन आला. वैजनाथ कारखान्यात पाळीवर, सून पूर्णिमा कॉम्प्युटर कंपनीत. दिवसभर घरात यमुनाबाई एकट्या. गल्लीत त्या कुणाशी फारशा बोलत नसत. बोलल्या तर बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा भिशीत मी त्यांच्या ‘दिसंना गेलं’ आणि ‘करायलाव’ची नक्कल केली होती, सगळ्या खूप हसल्या होत्या. सदाशिव पेठेतलं माहेर असलं की दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढायला वेगळं शिकावं लागत नाही. बाकी सगळं मला बारावीनंतर स्वतःचं स्वतःच शिकावं लागलं, हे तेवढं आयतं मिळालं.

मांजरीशी मात्र यमुनाबाई भरभरून बोलायच्या. तिचं नाव भागी. करडी, पोटाला पांढरी, एक कान थोडा फाटलेला. दुपारी परसातल्या फरशीवर यमुनाबाई धान्य निवडत बसायच्या आणि भागीला गावाकडची सगळी हकीकत सांगायच्या. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, धाकटी जाऊ फोनवर काय म्हणाली, चुलतपुतण्याची बायको माहेरी जाऊन बसली ती का बसली. आवाज असा मोकळा की शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला जावा. मी तीनच कपडे अर्धा अर्धा तास वाळत घालायचे. त्या पुतण्याच्या बायकोचं पुढे काय झालं, याची मला फार काळजी लागलेली असायची.

तर पक्ष्यांचं खोकं. लॉकडाऊनमध्ये मला पक्ष्यांचा नाद लागला. वाचनालयातली पुस्तकं, मोबाईलवरचे व्हिडिओ, असं करत करत मी एवढी पुढे गेले, की श्यामराव मला पाहुण्यांसमोर ‘आमच्या घरचं पक्षिशास्त्र’ म्हणायला लागले. कालव्याच्या ऑफिसातून ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना पहिलं काम दिलं ते पक्ष्यांना घरटं करायला खोकं बनवण्याचं. स्वयंपाकघराच्या ट्रॉलीचं प्लायवूड उरलं होतं. दाराचं भोक दोन इंचांचं हवं होतं, ते अडीचच्या वर गेलं. मी म्हटलं, असू दे, हवा खेळेल. मग मला वाटलं, दाराबाहेर उभं राहायला काही नको का? कुणी आलं तर निदान उंबरठा तरी हवा. म्हणून भोकाखाली मी बांबूची एक जाड काडी ठोकायला लावली.

श्यामराव म्हणाले, “पुस्तकातल्या चित्रात काडी दिसत नाही.”

म्हटलं, “चित्र काढणाऱ्याकडे कुणी येत नसेल.”

रामफळावर ते खोकं जानेवारीत चढलं. मार्चच्या शेवटी दयाळाची जोडी आली. नर काळापांढरा, शेपूट उभारून हिंडणारा, जणू नुकतंच कुणीतरी त्याला चेअरमन केलंय. मादी राखाडी आणि कामात. तो पहाटे तारेवर बसून गायचा. ते गाणं मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अलार्मच्या आधी उठायला लागले आणि श्यामरावांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. मादीनं काड्या, मुळं आणि माझ्या केरसुणीचे धागे आत नेले. ती बाहेर गेलेली असताना मी एकदाच, स्टुलावर चढून, मोबाईलनं आतला फोटो काढला. पाच अंडी. निळसर हिरवी, वर तपकिरी ठिपके.

पुढे आमच्या घरात जे सुरू झालं त्याला पाहुणचारच म्हणायला हवा. मागे कपडे वाळत घालणं बंद. मिक्सर लावायचा तर खिडकी बंद करून. श्यामरावांनी शिंकायचं ते पुढच्या खोलीत. मुलगी परदेशी असल्यानं माझ्या हाताखाली छळ करायला तेवढेच उरलेत.

भागी भिंतीवर बसून खोक्याकडे बघायची. तासन्‌तास. मी पाणी उडवायचे, ती कान हलवायची.

एका सकाळी मी चहा घेऊन मागे आले तर भिंतीच्या टोकाला भारद्वाज. विटकरी पंख, लाल डोळे. कप खाली ठेवून मी हात जोडले. आमच्याकडे भारद्वाजाचं दर्शन म्हणजे दिवस सोन्याचा. दिसल्याबरोबर डोळे मिटायचे आणि मनात एक इच्छा धरायची. माझ्या वडिलांनी माझं लग्न भारद्वाज दिसला त्याच दिवशी पक्कं केलं होतं. श्यामराव म्हणतात, त्या पक्ष्याची कधीतरी चौकशी व्हायला हवी. मी इच्छा धरली की पाचही अंडी सुखरूप फुटू देत. आणि आत पोळ्या करायला गेले.

अकरा वाजता दयाळाची मादी वेड्यासारखी ओरडत होती. नर या फांदीवरून त्या फांदीवर. खोकं रिकामं. खाली मातीत एका कवचाचा निळसर तुकडा आणि त्याच्यापाशी भागी, पंजा चाटत.

आता यात पुरावा आणखी काय हवा?

मी भिंतीपाशी गेले आणि यमुनाबाईंना हाक मारली. इतक्या महिन्यांत मी त्यांना मारलेली ती पहिली हाक. तुमच्या मांजरीनं अंडी खाल्ली, म्हटलं. तिला दोन महिने घरात ठेवा, नाहीतर बांधून ठेवा. माझा आवाज चढला होता. यमुनाबाई ओल्या हातानं उभ्या राहिल्या.

“मांजर हाय बाई,” त्या म्हणाल्या. “गाय न्हाई दावणीला बांधायला.”

मग जरा थांबून म्हणाल्या, “आन भागी अंडी न्हाई खात. मी दिऊन बगितलीत.”

मला ते उद्धट वाटलं. आमच्याकडे पुराव्यासमोर कुणी असं बोललं की त्याला आम्ही उद्धट म्हणतो.

आठ-दहा दिवसांनी दयाळानं पुन्हा गायला सुरुवात केली. त्याच तारेवर, त्याच तोऱ्यात. मादी पुन्हा काड्या न्यायला लागली. इतकं होऊनही त्यांनी आमचंच खोकं धरलं, यानं मला भरून आलं आणि त्या भरात मी ठरवून टाकलं. मांजर नकोशी झाली की खोक्यात घालायची, लांब सोडून यायची, आणि नदी ओलांडून सोडायची, म्हणजे वास तुटतो, ती परत येत नाही. हे पेठेत लहानपणी मी ऐकलेलं होतं आणि एकदा बघितलेलंही. श्यामरावांनी सुचवलं की रामफळाच्या खोडाला पत्रा गुंडाळू, भिंतीवर काटेरी जाळी लावू. मी म्हटलं ती उडी मारेल. खरं सांगायचं तर मला पत्रा नकोच होता. मला ती मांजर डोळ्यांसमोर नको होती.

एप्रिलमधला रविवार. यमुनाबाई घरातल्यांबरोबर कुणाच्या तरी साखरपुड्याला गेल्या होत्या. मी वाटीत दूध ओतलं, बोंबलाचा तुकडा टाकला. भागी माझ्याकडे सरळ चालत आली. पाणी उडवणाऱ्या बाईकडे. खोकं बंद करताना तिनं फार विरोधही केला नाही. नांदेड फाट्याच्या सिग्नलला मात्र ओरडायला लागली ती खडकवासल्यापर्यंत. श्यामरावांनी रेडिओ लावला, मी बंद केला, त्यांनी पुन्हा लावला. धरणावरून पलीकडे गेलो. पाण्याच्या कडेला मासे तळून विकणाऱ्या गाड्या असतात तिथे थांबलो. मी स्वतःला समजावत होते, की हिचं भलंच होतंय, रोज ताजी मासळी.

खोकं उघडलं. भागी पळाली नाही. बाहेर येऊन बसली आणि आमच्या गाडीकडे बघत राहिली. मग एका हातगाडीखाली गेली. मी तिला तळलेल्या माशाचा तुकडा विकत घेऊन टाकला. तिनं तो हुंगलाही नाही.

परतताना आम्ही धरणाच्या अलीकडे कांदाभजी खाल्ली. हे मी मुद्दाम लिहितेय. भूक लागली होती आणि भजी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. यमुनाबाई. आमच्या उंबऱ्याशी त्या पहिल्यांदाच आलेल्या. “भागी कालपसून दिसंना गेली बगा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मागं आली का?”

मी नाही म्हटलं. तेवढंच म्हणून दार लावलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, थांबा, मी येते तुमच्याबरोबर शोधायला. आणि मी चप्पल घातली. पुढचे दोन तास उन्हातून आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. बांधकामाच्या पायऱ्या, पार्क केलेल्या गाड्यांच्या खाली, ओढ्याकाठची झुडपं. यमुनाबाई वाकून वाकून बघत होत्या. मीही वाकत होते. “भागे, ए भागे,” अशा हाका मी माझ्या स्वच्छ पुणेरी आवाजात मारत होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट निवेदन टाकलं तेही मीच. ‘करड्या रंगाची, उजवा कान फाटलेला, अतिशय माणसाळलेली.’ शुद्धलेखन तपासून.

चौथ्या दिवशी यमुनाबाईंनी भिंतीवरून एक डबा दिला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणाल्या, ह्या गावात एवढे दिवस झाले, माझ्यासाठी उन्हात कुणी फिरलं न्हाई. मी डबा घेतला. धपाटे खाल्लेही. श्यामरावांनी एक तुकडा तोडला, माझ्याकडे बघितलं आणि उरलेला परत ठेवला.

भिंतीपलीकडचं बोलणं थांबलं होतं. धान्य निवडण्याचा आवाज यायचा, सुपाचा, बांगड्यांचा. बोलणं नाही. पुतण्याच्या बायकोचं काय झालं ते कळायची सोय राहिली नाही. पहाटे दयाळ गायचा आणि मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचे. एवढं गाणं ऐकायला मिळतंय, म्हटलं, तर मन का भरत नाही.

मेमध्ये चार पिल्लं निघाली. आता त्यांना धोका नव्हता, धोका मी धरणापलीकडे पोचवला होता. मी यमुनाबाईंना बघायला बोलावलं. का बोलावलं? त्यांचं मन रमावं म्हणून, असं मी श्यामरावांना सांगितलं. ते म्हणाले, “कुणाचं?”

त्या रोज दुपारी यायला लागल्या. मागच्या पायरीवर आम्ही दोघी बसायचो. नर-मादी चोचीत अळ्या, नाकतोडे घेऊन यायची आणि आत चिवचिवाट व्हायचा. यमुनाबाईंना बघताबघता सगळं कळायचं. आता दोघांपैकी कोण येणार, पिल्लांना भूक किती, मादी दमली का. मी पुस्तकं वाचून जे चार वर्षांत जमवलं होतं ते त्यांना शेतात बसून आपोआप आलेलं होतं. मात्र त्या कधी माझ्या चुका काढायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, पिल्लं सात दिवसांची झाली. त्या म्हणाल्या, “तुमी म्हंता तर आसतील.” नंतर हिशेब केला तर नऊ दिवसांची होती.

त्याच दुपारी आम्ही बसलो होतो आणि भिंतीवर भारद्वाज उतरला. टेचात दोन पावलं चालला. मी हात जोडले आणि डोळे मिटले. इच्छा एकच होती. ती भागीबद्दल होती, म्हणजे खरं तर माझ्याबद्दल होती. काही मार्ग निघू दे, असं काहीतरी.

डोळे उघडले तेव्हा यमुनाबाई धावत होत्या. पासष्टीची बाई, हातात माझा खराटा. भारद्वाज खोक्याच्या काडीवर बसला होता, मी ठोकून दिलेल्या उंबरठ्यावर, पाय रोवून, आणि मानेपर्यंत आत शिरला होता. त्यानं मान बाहेर काढली तेव्हा चोचीत एक पिल्लू होतं. खराटा फांदीवर आदळला. तो पिल्लासकट भिंतीवरून पलीकडे गेला. दयाळाची जोडी त्याच्यामागे. मी तशीच बसले होते, हात अजून जोडलेले.

“कुंभारकावळा त्यो,” यमुनाबाई धापा टाकत म्हणाल्या. “अंडी खातो, लेकरं खातो. त्येला काय हात जोडता.”

त्या झाडाखाली उभ्या राहिल्या आणि वर बघत म्हणाल्या, “मागची अंडी बी ह्येनंच नेली आसतील. भागी न्हवती बगा.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला काय करायचं ते मला येतं. त्या नुसतं सांगत होत्या, आपल्या लेकीवरचा आळ गेला म्हणून कुणी सांगावं तसं. मला तो पहिला भारद्वाज आठवला, चहाचा कप खाली ठेवून केलेला नमस्कार आठवला. त्यानंतर मी पोळ्यांना गेले होते. अंडी भारद्वाजानं खाल्ली आणि भागी नंतर येऊन मातीत काय सांडलं ते बघत बसली.

यमुनाबाई घरी गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि ती काडी दोन्ही हातांनी उपटली. श्यामरावांनी भोकाच्या कडेला एक पट्टी ठोकून ते लहान केलं. आत तीन पिल्लं दडून बसली होती. काम झाल्यावर ते हातोडी पुसत म्हणाले, “उद्या सकाळी पाण्यापलीकडे जाऊ.” मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

त्याच जागी तीच हातगाडी होती. मासे तळणाऱ्या बाईचं नाव सोजरबाई. मोबाईलवर मी तिला ग्रुपवर टाकलेला तोच फोटो दाखवला. तिनं तेल लागलेल्या बोटानं तो मोठा केला. होती, म्हणाली. मागच्या आठवड्यापर्यंत होती. कुणाच्या अंगाला लागायची नाही, दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसायची, एखादी गाडी थांबली की उठायची. मग चार-पाच कुत्री आली त्या बाजूनं, तेव्हापासून दिसली नाही. “वर झाडीत आसंल,” ती म्हणाली. “न्हाईतर नसंल.”

मी दोन तास झाडीत फिरले. भागे, भागे. घशातून आवाज यायचा तो तोच, निवेदन वाचल्यासारखा.

परत आलो ते मी घरात न जाता सरळ यमुनाबाईंकडे गेले. वाटेत ठरवलेली सगळी वाक्यं होती. पक्षी, अंडी, गैरसमज, माझी मनःस्थिती. त्या मेथी निवडत होत्या. मी समोर जमिनीवर बसले आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“यमुनाबाई, भागी हरवली नाही. मी तिला सोडून आले.”

त्यांचे हात थांबले नाहीत. एक काडी, दोन काड्या, पानं टोपलीत. मग विचारलं, “कवा?”

“तुम्ही साखरपुड्याला गेला होता तेव्हा.”

“मंजी माज्यासंगं उन्हात हुडकलं तवा तुमाला ठावं व्हतं.”

“हो.”

“धपाटे खाल्ले तवा बी.”

“हो.”

त्यांनी जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या पायांकडे बघत होत्या. “पाणी वलांडून सोडली का?”

मी म्हटलं, “हो. खडकवासल्याच्या पलीकडे.”

म्हणजे ते त्यांच्याकडेही होतं, परभणीकडेही. तेवढं एक ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आधीचं सगळं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं. हे लागलं. पाण्यापलीकडे सोडणं म्हणजे चुकून नाही, रागाच्या भरात नाही. ती कधीही परत येऊ नये म्हणून. ते त्यांना माझ्याइतकंच नीट कळत होतं. मी माफी मागितली. ती त्यांनी मेथीच्या देठांबरोबर बाजूला सारली.

“उद्या न्या मला,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वैजनाथ आला. तो फाटकातच उभा राहून श्यामरावांशी बोलला, माझ्याशी नाही. काका, तुम्ही शिकलेली माणसं, एवढंच म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथेच संपलं. मी बारावीच शिकलेय, हे सांगायला ती जागा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी जायला लागलो. यमुनाबाई मागच्या सीटवर, मांडीवर डबा, डब्यात दूधभाकरी. तिथे उतरल्यावर त्या पाण्याच्या कडेनं हाक मारत जायच्या. तो मोकळा आवाज मी महिन्याभरानं ऐकत होते. पाण्यावरून पलीकडच्या डोंगरापर्यंत जात असेल. हातगाडीवाले थांबून बघायचे. दोन-तीन मांजरं यायची, त्यांच्या डब्याकडे बघायची, भागी त्यांत नसायची. त्या मांजरांना त्या एकेक घास टाकायच्या आणि पुढे जायच्या.

पाचव्या दिवशी आम्ही तिथेच असताना श्यामरावांचा फोन आला. झाडांना पाणी द्यायला म्हणून ते त्या दिवसापासून घरी राहायला लागले होते आणि गाडी मी घेऊन जात होते. पिल्लं उडाली, म्हणाले. तिन्ही. एक आधी तारेवर बसलं, मग कढीपत्त्यात पडलं, मग गेलं. व्हिडिओ काढायला गेलो तर बोट मध्ये आलं. जानेवारीपासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच, आणि मी म्हटलं, बरं. समोर यमुनाबाई वाकून एका पाइपात बघत होत्या. त्यांना सांगावं का, असं क्षणभर वाटलं. भारद्वाजाच्या चोचीतून त्यांनीच ती तीन वाचवली होती. पण माझ्या तोंडून ती बातमी त्यांना आनंदाची कशी वाटावी, ते मला कळेना. सांगितलं नाही.

सातव्या दिवशी सोजरबाईनं सांगितलं की काल संध्याकाळी वरच्या झाडीत एक करडी दिसली. कान बघायला ती थांबली नाही. यमुनाबाई वर चढल्या. मी मागे. झाडीच्या तोंडाशी एक सपाट दगड होता, तिथे त्यांनी डबा उघडून ठेवला आणि हाक मारायच्या ऐवजी त्या खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. साध्या, रोजच्या सुरात. धाकट्या जावेचा गुडघा दुखतोय. बोअरचं पाणी आटलं. चुलतपुतण्याची बायको परत आली बरं का, पण आता तिनं वेगळी चूल मांडलीय. भागी त्यांना हाकेनं नाही, या बोलण्यानं ओळखणार होती. हाक तर कुणीही मारतं. मीसुद्धा मारली होती.

मी दहा पावलांवर एका झाडाला टेकून उभी होते. पुतण्याची बायको परत का आली, ते अजून यायचं होतं.

यमुनाबाई थांबल्या. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं, या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

“तुमी गाडीत बसा,” त्या म्हणाल्या. “तुमचा वास वळखती ती. तुमी हायत तवर याची न्हाई.”

मी खाली आले. गाडीत बसले. वास बाहेर जाऊ नये म्हणून काचा वर केल्या. ऊन चढत होतं. एक वाजला, मग दीड. सोजरबाईनं काचेवर टकटक करून विचारलं, पाणी हवं का. मी नको म्हणून मान हलवली. काचेतून वरची झाडी दिसत होती आणि यमुनाबाईंची पाठ दिसत होती. हात हलत होते, मान हलत होती, काहीतरी मोठं सांगणं चाललं होतं. मला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं. किती वेळ बसायचं, ते मी त्यांना विचारलेलं नव्हतं, आणि विचारायला वर जाणं आता मला शक्य नव्हतं.